ओळखलं की द्यायचं

३१ ऑगस्ट, रविवार

आज पिपरी मेघेत राहायला आलो. सामान छोटा हत्ती टेम्पोत, कपाट धरून पप्पा मागे उभे, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी मम्मी, मी आणि माझ्या मांडीवर सुरभी. आठ वर्षांची घोडी झाली तरी माझी मांडी सोडत नाही. आमच्या जाम गावापासून इथपर्यंत पायाला मुंग्या आल्या, पण खरं सांगायचं तर मजा आली. सुरभी वाटेतली प्रत्येक म्हैस मोजत होती आणि तेविसावर पोचली की पुन्हा एकविसावर जात होती.

घर नवीन आहे, स्लॅबचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, समोर सीताफळाचं झाड. नळाला रोज पाणी येतं म्हणून मम्मी इतकी खूश की तिने ड्रायव्हरला दोनदा चहा पाजला. मालक वासुदेवराव नागपूरला मुलाकडे राहतात, ते किल्ल्या द्यायला आले होते. जिन्याखालच्या छोट्या खोलीला त्यांचं कुलूप आहे. आत आमचं जुनं सामान हाय, तिले हात नोका लावू, एवढं सांगून ते बस चुकेल म्हणून निघाले. त्या खोलीची आणि आम्हा बहिणींच्या खोलीची भिंत एकच आहे.

ही वही समुपदेशनाच्या मॅडमनी दिली. राग आला की यात लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही. आज राग आला नाही, तरी लिहिलं. शाई चांगली उतरते.

३ सप्टेंबर, बुधवार

आज आला.

पप्पा एसटीत कंडक्टर, त्यांची ड्यूटी कधीही. मम्मी एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली, ती येते सात वाजता. माझं पुन्हा अकरावीच, कॉलेज सकाळचं. म्हणजे शाळा सुटल्यापासून सातपर्यंत सुरभी माझ्या गळ्यात. मी क्लास लावते म्हटलं तर मम्मी म्हणाली, आधी हे वर्ष नीट काढ, मंग पाहू. असं म्हणताना ती माझ्याकडे बघत नाही. जूनपासून कोणीच नीट बघत नाही.

जूनचं एकदा लिहून टाकते. घरात भांडण झालं होतं, मोबाइलवरून आणि नापास झाल्यावरून. मी सुरभीला घेऊन जाम चौकात गेले, रसवंतीच्या बाकावर तिला बसवलं, ट्रक मोज म्हटलं, आणि हैदराबादकडे जाणाऱ्या बसमध्ये चढले. हिंगणघाटला उतरले, रडले, परत आले. चार तास. ती तिथंच बसली होती. दोनशे अकरा ट्रक, म्हणाली. रसवाल्याने दिलेला ग्लास तिने प्यायलाही नव्हता, माझ्यासाठी ठेवला होता.

तेव्हापासून ती माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून झोपते. कुशीवर वळता येत नाही मला. ओरडते, पण ओढणी काढून घेत नाही. त्याआधीही मी खोटं खूप बोलले आहे, हजेरीचं, फोनचं. त्यामुळे आता घरात माझी गत लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोरासारखी आहे. ते असो. तिला मी पुन्हा कुठेही सोडणार नाही, एवढं या वहीत लिहून ठेवते.

८ सप्टेंबर, सोमवार

काल ग्रहण, म्हणून गल्लीत आज भुलाबाई बसली, समोरच्या सुलोचनाबाईंकडे. ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपी, आत मातीचे भुलोजी आणि भुलाबाई. पोरींनी टिपऱ्या घेऊन गाणी म्हटली. मग खिरापत. जिच्या घरची ती झाकण लावलेला डबा खडखड वाजवते, बाकीच्या विचारतात तिखट का गोड, आणि तीन वेळात ओळखायचं. ओळखलं की द्यायचं. मी लहानपणी आवाजावरून फुटाणे आणि शेंगदाणे वेगळे सांगायचे. आज मागे उभी राहून मनातल्या मनात ओळखत होते.

कोजागिरीपर्यंत रोज एकेका घरी जायचं असतं. सुरभीने लगेच सांगून टाकलं की उद्या आमच्याकडे या. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. सुलोचनाबाई म्हणाल्या, तुमच्याकडे नोको बेटा, तूच येत जाजो इकडे. सुरभीचं तोंड एवढंसं झालं. नव्या माणसांना हे असं वागवतात का? मला इतका संताप आला की घरी येऊन कणकेवरच काढला.

१३ सप्टेंबर, शनिवार

बाजारातून भुलाबाई आणली. धांडे पण. पेटले मी. तुमच्याकडे नाही येणार तर आमच्याकडे आम्ही दोघी पुरे. जिन्याखालच्या त्या दारासमोरच मोकळी जागा आहे, तिथे खोपी बांधली. सुरभी इतकी नाचली की एक टिपरी मोडली. मी डबा वाजवला, तिने दुसऱ्यांदा ओळखलं. शंकरपाळे. आम्ही दोघींनी सगळे संपवले आणि रात्रीची भाजी उरली म्हणून बोलणी खाल्ली.

बरं वाटलं आज. मोठी बहीण असल्यासारखं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

एक गोष्ट नडते. दोघींत डबा रोज मीच का भरायचा? सुरभीला पण भरायचा आहे. पण ती भरते माझ्याच डोळ्यांसमोर, मग मी काय ओळखणार? मला खोटं ओळखायचा कंटाळा येतो. आज मी फोनवर होते आणि ती कानाशी डबा वाजवत होती, ताई ओळख, ताई ओळख. शेवटी मी म्हटलं, मले नोको इचारू, त्या दाराले इचार.

ती गेली. दारासमोर बसून डबा वाजवायला लागली. थोड्या वेळाने टाळ्या ऐकू आल्या. धावत येऊन म्हणाली, दाराने पहिल्यांदाच ओळखलं. मी हो का म्हटलं आणि फोन चालू ठेवला.

रात्री जेवताना ती वाटीभर फुटाणे दारापाशी ठेवून आली. ओळखलं की द्यायचं असतं ना, म्हणाली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

वाटी दोन्ही दिवस सकाळी रिकामी. उंदीर असेल म्हणून मी काल पिंजरा लावला. पिंजऱ्यातली पोळी तशीच, वाटी चाटून पुसून साफ.

आज मी फोन ठेवला आणि तिच्यासोबत बसले. तिने डबा वाजवला. आतून आवाज आला. एकच शब्द, मुलीचा आवाज, सर्दी झाल्यासारखा. खोबरं.

खोबरंच होतं.

मी कुलूप ओढून पाहिलं. गंज धरलेलं, जाळं तसंच. दाराला कान लावला तर आत काही नाही, श्वाससुद्धा नाही. सुरभी मात्र माझ्याकडे अभिमानाने बघत होती. तिची नवी मैत्रीण. मला हसू पण येईना आणि ओरडता पण येईना.

२० सप्टेंबर, शनिवार

गल्लीतलं कोणीतरी कार्टं आहे, पाठीमागून कुठून तरी शिरतं, असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. घराला मागून वाट नाही. मग म्हटलं, परीक्षाच घेऊ. मम्मीपप्पांना माहीत नसलेलं माझं एक दुसरं सिमकार्ड आहे. ते मी एकटीने डब्यात टाकलं, सुरभीला शेजारी पाठवून. एवढंसं सिम, डबा वाजला पण नाही धड.

सिम, दार म्हणालं. लगेच. जसं कोणी समोर ठेवलेलं वाचावं.

मी डबा उघडला. रिकामा. द्यायचीसुद्धा वाट बघितली नाही त्याने.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. मम्मीला सगळं सांगितलं. सिमसकट सांगितलं, म्हणजे तिला पटावं. तिला सिम तेवढं ऐकू आलं. कोणत्या पोराशी बोलतेस, कधीपासून, अर्धा तास हेच. मी म्हटलं, मम्मी, तू दाराचं ऐक. तिने दारासमोर उभं राहून स्वतः डबा वाजवला, माझी हौस म्हणून. दार गप्प. गप्प म्हणजे गप्प. सुरभीला विचारलं तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. दाराने तिला सांगितलंय म्हणे, मोठ्यांना सांगितलं की खेळ बंद.

लहान लेकराले काऊन भेव दाखवून राह्यली तू, मम्मी म्हणाली. पप्पांनी शांतपणे सांगितलं की आता एक जरी तक्रार आली तर आचलला, म्हणजे मला, हॉस्टेलवर ठेवू. सुरभीपासून दूर, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मी भिंतीवर मूठ मारली, माझीच बोटं सुजली. आयुष्यात एकदा खरं बोलले तर हे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सुरभी जेवत नाही. बोलते ते फक्त ओळखायचं. पप्पांच्या बंद बॅगेत काय, शेजारणीच्या पिशवीत काय, माझ्या मुठीत काय. सगळं बरोबर. सांगताना तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. आणि काल रात्री तिने ओढणी धरली नाही. मी स्वतःहून टोक तिच्या हातात दिलं. तिने सोडून दिलं.

मी सुलोचनाबाईंकडे गेले आणि सरळ विचारलं. त्या आधी विषय टाळत होत्या, मग दार लावून घेतलं. त्या घरात डबा हालवत नाई कोणी, म्हणाल्या. चार वर्षांमागे तिथे एक भाडेकरू होते, त्यांच्या मुलीने अशीच भुलाबाई बसवली. पहिले खाऊ गेला. मग डब्यात घातलेली आजीची नथ. मग पोरीने गंमत म्हणून कुत्र्याचं पिल्लू टोपल्याखाली झाकलं आणि टोपलं हालवलं. आतून ओळखलं. टोपलं उचललं तर खाली नुसती फरशी. ते लोक त्याच आठवड्यात गेले. झाकलेलं हालवायचं आणि तिने ओळखायचं, ओळखलं की तिचं, एवढंच तिला कळते, म्हणाल्या. ती म्हणजे कोण ते त्यांना माहीत नाही. कोजागिरीला भुलाबाई पाण्यात गेली की दार मुकं होतं, मग वर्षभर काही नाही.

मी विचारलं, आम्हाला आधी काऊन नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, वासुदेवराव भांडाले येतात, घराले भाडेकरू भेटत नाई म्हणून. छान. त्यांचं भाडं चालू राहिलं पाहिजे.

कोजागिरी सहा तारखेला. अकरा दिवस डबा वाजू द्यायचा नाही. बस.

२८ सप्टेंबर, रविवार

भुलाबाई पाण्यात सोडायला निघाले होते. मम्मीने अडवलं. कोजागिरीच्या आधी भुलाबाई काढायची नसते, अपशकुन होतो, आणि आणली तेव्हा कोणी सांगितलं होतं. मूर्ती परत खोपीत. मी काय बोलणार?

डबे सगळे वर ठेवले. सुरभीने कंपास वाजवला. कंपास घेतला. काड्यापेटी वाजवली. काड्या, दार म्हणालं. गॅस पेटवायला आज काडी नव्हती आणि मम्मीने तेही माझ्याच नावावर लिहिलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सगळे घरी. दार गप्प, सुरभी गप्प. सोनं वाटायला गल्लीतले लोक आले, मम्मी सगळ्यांना सांगत होती की आचल आता सुधारली.

सुरभीला जवळ घेऊन बसले. जूनबद्दल सॉरी म्हटलं, पहिल्यांदा. ती म्हणाली, ताई तुझ्या पोटात भीती आहे. ओळखलं ना?

चार दिवस.

४ ऑक्टोबर, शनिवार

आत्ताच लिहून ठेवते. नंतर कोणी म्हणू नये की गोष्ट रचली.

साडेपाच. सुरभी डबा घेऊन त्या दारापुढे. डबा मी गच्चीवर टाकीमागे लपवला होता. मी ओढला. तिने हात चावला, रक्त येईपर्यंत. माझं डोकं फिरलं. महिनाभराचा सगळा राग एकदम. बखोटीला धरून तिला आमच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. मम्मी येईस्तोवर बस तिथं. त्या दारापासून लांब राहील, एवढंच मनात होतं. देवाशपथ एवढंच.

ती आतून दार हालवायला लागली. लाथा. बुक्क्या. काचा वाजत होत्या, कपाट वाजत होतं, सगळी खोली खडखडत होती, डब्यासारखी —

तेव्हा कळलं. कडीकडे हात गेला —

जिन्याखालून आवाज आला.

सुरभी.

खोलीतलं हालणं थांबलं.

५ ऑक्टोबर, रविवार

खिडकीला गज आहेत. सगळे शाबूत. खोलीत कोणी नाही.

पोलीस आले. मी तेच सांगितलं. पुन्हा तेच. लिहून घेणारा मधेच थांबला आणि पप्पांना बाजूला घेऊन गेला.

पप्पांनी जिन्याखालचं कुलूप फोडलं, माझ्या समाधानासाठी. मोडका कूलर, दोन खुर्च्या, लग्नपत्रिकांचे गठ्ठे. धूळ. धुळीत एक पाऊल नाही, एक फुटाणा नाही. पोलीस बघून गेले. दार आपलं आपण ओढलं गेलं. ते कोणी पाहिलं नाही, मी पाहिलं.

पप्पा जामला गेले आहेत. चौकात. रसवंतीवर विचारायला.

मम्मी मारत नाही. ओरडत नाही. फक्त दर थोड्या वेळाने विचारते. कुठं बसवून आली व तिले.

मी ओरडून ओरडून सांगते, इथं आहे, भिंतीपलीकडे आहे. कोणाच्याच कानात —

६ ऑक्टोबर, सोमवार

कोजागिरी. पाच वाजले. समोर पोरी जमल्या. सहाला भुलाबाई नेतील, गल्लीतल्या सगळ्या. आमची पण. सुलोचनाबाई मघाशी येऊन सांगून गेल्या, मम्मी हो म्हणाली.

मग वर्षभर दार मुकं.

एकच उरलं. मला उशिरा सुचलं, मूर्ख मी. जे ओळखलं ते आत जातं. तर मला ओळखू दे.

आमच्या खोलीत आले. आतून कडी. मम्मी, हे वाचलंस तर ऐक, मी पळून गेले नाही. मी तिला आणायला जाते आहे. नाही आणता आलं तर तिच्याजवळ बसते. तिथं ती एकटी आहे.

दार हालवलं. एका हाताने हालवते, एका हाताने लिहिते.

काही नाही.

पुन्हा. जोरात. कपाट पण.

आवाज आला. तो सर्दीचा नाही. सुरभीचा. माझ्या सुरभीचा. तिखट का गोड, विचारते.

तिखट म्हटलं. रडू आलं, पण तिखट म्हटलं.

मुरमुरे, म्हणाली. पहिल्यांदा ती नेहमी मुरमुरेच म्हणते, डब्यात काही का असेना. तीच आहे. तीच.

नाही म्हटलं. आपलं नाव आपण सांगायचं नसतं, सांगितलं की डाव मोडतो. हालवते. ऐक, सुरभे. नीट ऐक.

बाहेर मम्मी. आचल दार उघड. आचल काय करून राह्यली आत. तीही दार हालवते आहे, बाहेरून. मम्मी नको — तू नको हालवू, तिला वाटेल —

मम्मी, म्हणाली ती.

चुकलं. दोन झाले.

पोरी निघाल्या. गाणं फाटकाशी आलं. मम्मी आता खांद्याने धक्के देते आहे, कडीचा एक स्क्रू निघाला —

एकदाच उरलं. ती विचार करते आहे. भिंतीला अगदी लागून बसली आहे, तिचा श्वास ऐकू येतो —

घाई नको करू. मी कुठं जात नाही. ओळख व, सुरभे. मी आहो ना आत, मीच हाल—